बालमणी अक्काची सुरगाठ

आमच्या जामबागेतल्या मराठी वस्तीत कुठल्याही लग्नात मला एक प्रश्न ठरलेला असतो. पंगतीत शेजारी बसलेली मावशी विचारते, "तू नेमकं करतेस काय गं?" मी सांगते, आजारी किंवा जखमी झालेल्या माणसांना परत कामावर आणते. मावशी घास हातात धरून विचार करते. "म्हणजे डॉक्टर?" नाही. "वकील?" तेही नाही. "मग काय, घरी जाऊन उचलून आणतेस?"

एका काकांनी तर सरळ निकाल देऊन टाकला की मी मालकाची माणूस, सुट्टीवर बसलेल्यांना हुडकून काढते. मी ताट तसंच टाकून उठले. राग आला होता हे खरं. पण ते चूक आहेत हे त्या दिवशी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं, हेही खरं.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुझ्या कामाबद्दल लिही' असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं ते ह्याच कारणाने. लिहिता लिहिता कळेल असं वाटलं. अजून कळलेलं नाही.

काम सोपं आहे. आबिड्सच्या बाजारपेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. कारखाने, गोदामं, हॉटेलं आम्हाला बोलावतात. एखादा माणूस चार-पाच महिने दवाखान्यात किंवा घरी काढून परत येतो. डॉक्टर चिठ्ठी देतो, 'हलके काम करण्यास योग्य'. आता हलकं म्हणजे काय? डॉक्टरने कारखाना पाहिलेला नसतो आणि मॅनेजरने तो हात पाहिलेला नसतो. मधे मी उभी असते. मी त्या कामाच्या जागी जाते, वही घेऊन दोन तास बघते. हात किती वेळा खांद्याच्या वर जातो, कंबर किती वेळा वाकते, काय गरम आहे, काय फिरतं आहे. मग एक कागद बनवते. पहिला आठवडा दोन तास, पुढचा तीन, असं वाढवत पूर्ण पाळीपर्यंत. ह्या काळात त्या माणसाने पिवळी टोपी घालायची, म्हणजे कुणी चुकून त्याला ओझं उचलायला लावणार नाही. ही टोपीची कल्पना माझी. मला तिचा फार अभिमान होता.

मजाही होते. एका हॉटेलच्या ड्रायव्हरचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मॅडम, लिख दो ना, सामान उठाना मना है." मी म्हटलं, डॉक्टरने तर उचलायला हरकत नाही असं लिहिलंय. "डॉक्टर कू क्या मालूम, मॅडम. मैं ऑपरेशन के पहले बी नहीं उठाता था."

पण मला सांगायचं आहे ते बालमणी अक्काबद्दल.

शहराबाहेर एक मोठी लाँड्री आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रकने येतात. धुवून, पिळून झाल्या की त्या एका लांबलचक गरम रोलरखालून जातात आणि पलीकडे इस्त्री होऊन निघतात. दोन बाया एका बाजूने ओली चादर रोलरच्या तोंडाशी देतात. एकीने डावं टोक धरायचं, दुसरीने उजवं. दोघींचे हात एकाच क्षणी पुढे गेले पाहिजेत. बालमणी अक्का अकरा वर्षं उजवं टोक धरत होती. डावं टोक शाहीनचं. शाहीन तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडाने चौपट.

एके दिवशी चादरीबरोबर अक्काचा उजवा हात आत ओढला गेला. तीन बोटं भाजली, चेचली. मांडीची कातडी काढून बोटांना लावली. पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा बोटं वाकत होती, पण शेंड्यांना काही कळत नव्हतं. गार नाही, गरम नाही. अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं की यंत्रात दोष नव्हता, कामगाराने निष्काळजीपणे हात पुढे घातला. खाली अक्काची वळणदार तेलुगू सही.

मॅनेजर रघुराम गारू, म्हणजे आपल्याकडचे रघुरामराव, सभ्य माणूस. ते म्हणाले, "टॉवेलच्या टेबलावर बसू दे की. खुर्ची देतो. पंखा आहे." टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बाया कंत्राटी, रोलरच्या कायम. मला सगळा डाव दिसला असं मला वाटलं. खुर्चीवर बसवायचं आणि हळूच कंत्राटात ढकलायचं. मी अक्काला विचारलं, तुम्हाला काय हवं?

"रोलर," ती म्हणाली. एवढंच.

माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या संघटनेची पत्रकं तेच लिहीत. आमच्या घरी शनिवारी दुपारी पत्रकांच्या घड्या घालायचं काम असे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. शाळेत मराठी नव्हतंच. माझी पहिली मराठी वाक्यं 'एकजूट', 'हक्क' आणि 'निषेध' असलेली होती. तेव्हा रघुराम गारूंच्या केबिनमध्ये मी कुठल्या सुरात बोलले असेन ह्याची कल्पना करा. हात भाजला म्हणून माणूस जागेवरून हलवायचा, तो काय यंत्राचा सुटा भाग आहे? तिची जागा तिचीच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही रोलर बघून या. सुरक्षित आहे असं लिहून दिलंत तर माझी ना नाही."

मी दोन दिवस आधी कळवून गेले. तशीच पद्धत आहे. दोन तास उभी राहिले. रोलर संथ फिरत होता, शाहीन आणि तिच्याबरोबरची नवी मुलगी चादरीची कड नीट पसरून आत देत होत्या. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. बोट जरा जास्त पुढे गेलं की ते ह्या दांडीला लागतं, दांडी वर उचलली जाते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. मी स्वतः हात लावून पाहिला. थांबला. पुन्हा लावला. पुन्हा थांबला. बोटांना गरम कळत नसलं तरी दांडीला बोट कळतं, असं मी वहीत लिहिलं आणि ते वाक्य मला आवडलं. अक्काला रोलरवर परत घ्यायला हरकत नाही, असा कागद मी सही करून दिला.

पहिल्या दिवशी बायांनी अक्काची मीठ-मिरचीने नजर काढली. शाहीनने तिच्या डोक्यावर पिवळी टोपी स्वतःच्या हाताने बसवली. "अरे वा, दुल्हन! हल्दी लग गई." अक्का हसली. मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं आणि बाबा म्हणाले, "ह्याला म्हणतात लढा."

तिसऱ्या दिवशी निघताना मी माझी छत्री लाँड्रीत विसरले. फाटकापर्यंत गेले होते, परत फिरले.

रोलर मी पाहिलेल्या वेगाच्या दुप्पट पळत होता. चादरी नुसत्या गिळल्या जात होत्या. अक्का आणि शाहीन बोलत नव्हत्या, फक्त हात. आणि ती दांडी दोन्ही टोकांना पांढऱ्या चिंधीने खाली घट्ट बांधलेली होती. फाटक्या चादरीची किनार. अक्काची ती तीन बोटं गरम रोलरपासून पेरभर अंतरावर जाऊन मागे येत होती, आणि त्यांना काही कळत नव्हतं.

अक्काने मला पाहिलं. तिने डाव्या हाताने चिंधीचं टोक ओढलं, गाठ एका झटक्यात सुटली. शाहीनने दुसरं टोक सोडवलं आणि चिंधी खिशात घातली.

"छत्री रह गई क्या, मॅडम?" ती म्हणाली.

चहाच्या सुट्टीत मी दोघींना पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "ये कब से?"

"हमेशा से," शाहीन म्हणाली. "आप आए तो खोल देते, गये तो बांध देते. मेहमान आए तो घर साफ करते ना, वैसा."

"कायकू बांधते?"

शाहीनने अक्काकडे पाहिलं, बघ हिला काहीच माहीत नाही, अशा नजरेने. मग तिने सांगितलं. ओल्या चादरीला जरा जाड सुरकुती आली तरी दांडी उचलली जाते. रोलर थांबतो. तो सुरू करायचा, पुन्हा तापायची वाट बघायची. त्या वेगात पाळीत कितीदा तरी होतं हे. सुपरवायझर संध्याकाळी चादरींचा आकडा विचारतो, रोलर कितीदा थांबला ते विचारत नाही. दांडी बांधलेली त्याला दिसते की नाही? "दिखती. उस कू दिखताच नहीं ऐसा करके खडा रहता."

"म्हणजे त्या दिवशीही बांधली होती," मी म्हटलं. "कौन बांधा था?"

"मैंच," अक्का लगेच म्हणाली.

"झूट नक्को बोलो, अक्का." शाहीनचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मैं बांधी थी, मॅडम."

रोज सकाळी दांडी अक्काच बांधायची. ती सुरगाठ मारायची, बांधलेली दिसते पण टोक ओढलं की सुटते, दांडी मोकळी होते आणि रोलर थांबतो. त्या दिवशी अक्काची बस उशिरा आली, म्हणून दोन्हीकडे शाहीनने बांधलं. तिने निरगाठ मारली, पक्की. हात आत गेला तेव्हा अक्का डाव्या हाताने टोक शोधत होती आणि ओढायला टोकच नव्हतं. शेवटी पलीकडे घड्या घालणारी बाई खांबापर्यंत धावत गेली आणि तिने रोलर बंद करायचं लाल बटण दाबलं.

मी विचारलं, मग तुम्ही टॉवेलच्या टेबलावर का नाही गेलात?

"टॉवेल पे बैठी तो गाठ कौन बांधता? ये?" अक्काने शाहीनच्या डोक्यावर टपली मारली आणि ती तीन गुलाबी, चकचकीत बोटं माझ्यासमोर धरली. "इसकी गाठ देखे ना तुम." आणि हसली. शाहीन हसली नाही.

मी तिच्या जागेसाठी लढले होते, कायम नोकरीसाठी, सन्मानासाठी. ती परत आली होती गाठ मारायला.

"गाठच नका ना बांधू!" मी जवळजवळ ओरडले, मराठीतच. दोघींना समजलं.

"बिड्डा," अक्का म्हणाली. बिड्डा म्हणजे लेकरू. एरवी ती मला मॅडम म्हणायची. "आकडा कौन पूरा करता? तुम्हारा कागज?"

माझ्या कामाचा पहिला नियम मी नव्या मुलांना शिकवते तो असा, की जे पाहिलं तेच लिहायचं. आता मी पाहिलं होतं. ते लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला हुशार असावं लागत नाही. दांडी कामगारांनी बांधली, म्हणजे अपघात कामगारांच्या चुकीने. शाहीनवर कारवाई. सुपरवायझर म्हणणार, मला काय ठाऊक. आणि वेगाबद्दल कुणी काही बोलणार नाही, कारण वेग कुणी चिंधीने बांधलेला नव्हता. नाही लिहिलं तर ते हात तसेच त्या रोलरसमोर, आणि खाली 'सुरक्षित' म्हणून माझी सही.

बाबा सकाळी गच्चीत पेपर वाचत बसतात. मी त्यांना विचारलं. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "लिही. जसंच्या तसं लिही. लपवून कुणाचं भलं झालंय?"

"शाहीनच्या नावासकट?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आमच्या पत्रकात आम्ही 'कामगार' असं लिहायचो," ते म्हणाले. "नाव घालायची वेळ कधी आली नाही." मग ते पेपरात तोंड घालून बसले.

मग मी एक पळवाट काढली. तिला युक्ती म्हणावं की लबाडी, ते तुम्ही ठरवा. अक्काच्या कागदात अटी घालायचा अधिकार माझा होता. मी अट घातली. बोटांना संवेदना नसल्यामुळे, ही कामगार रोलरवर असेपर्यंत रोलरचा वेग मी पाहणीच्या दिवशी पाहिला तेवढाच ठेवावा, आणि रोज सकाळी सुपरवायझरने दांडी उचलून दाखवावी. मुदत आठ आठवडे. रघुराम गारूंनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही.

आणि ते चाललं! संथ वेगात चादर नीट पसरायला सवड मिळते, दांडी उगाच उचलली जात नाही, बांधायची गरजच उरत नाही. चिंधी शाहीनच्या खिशातच राहिली. अक्काची पाळी दोन तासांवरून पूर्ण झाली. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायची तेव्हा रोलर मला ओळखीचा वाटायचा.

आठ आठवडे संपले. अक्का बरी झाली असं लिहिलं की अट संपणार, वेग वाढणार, चिंधी बाहेर येणार. मी चार आठवडे वाढवून दिले. मग आणखी चार. लोकांना बरं झाल्याचा कागद देणं हे माझं काम, आणि मी एका बाईला बरं होऊ देत नव्हते. तिला विचारलं का? नाही. मी तिच्यासाठीच तर करत होते!

तिसऱ्यांदा मुदत संपत आली, त्या शुक्रवारी अक्का लाँड्रीत मला दिलेल्या टेबलापाशी आली. हातात चहाचा काचेचा ग्लास. तिने तो उजव्या हातात घेतला, त्या तीन बोटांत, आणि एकदम टेबलावर ठेवला. चहा हिंदकळला.

"गरम है," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मॅडम, गरम लग रा मेरेकू. कल से लग रा."

मी तिचा हात हातात घेतला. खूप आनंद झाला, आणि आता अट संपणार ही भीतीही वाटली. त्या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अब लिखो. ये उतारो." तिने डोक्यावरच्या टोपीला हात लावला. "कंत्राटवाली बच्चियां बी 'पीली अक्का' बुलातीं मेरेकू. बस में बी पूछते, क्या बीमारी है तुमकू. ग्यारह साल में कोई नाम नहीं रखा था."

"टोपी उतरली की वेग वाढणार, अक्का," मी म्हटलं. "मग?"

"मग क्या. मेरी गाठ खुलती ना."

मी कागद पुढे ओढला. 'कामगाराची स्थिती' ह्या रकान्यात लिहिलं, पूर्ण बरी. ते लिहिताना ती माझ्या पेनाकडे बघत होती. खाली 'शेरा' म्हणून एक ओळ असते, ती मी नेहमी कोरी सोडते. तिथे मी लिहिलं की माझी पहिली पाहणी चुकीची होती, मी मला दाखवलेलं काम पाहिलं, रोजचं नाही. रोजच्या वेगात ह्या रोलरवर कुणीही सुरक्षित नाही. कामगार बरी झाली आहे, काम बरं झालेलं नाही. वेगाचा निर्णय होईपर्यंत आधीच्या अटी चालू ठेवाव्यात.

"क्या लिखे?" अक्काने विचारलं. मी सांगितलं.

ती दारातून डोकावणाऱ्या शाहीनकडे वळून मोठ्याने म्हणाली, "सुने? काम बीमार है बोल्ते मॅडम. काम कू बी पीली टोपी पहनाओ फिर!" बाहेर बाया हसल्या. अक्का हसली नाही. टोपी डोक्यावर होती तशीच घेऊन ती निघून गेली. चहा राहिला.

बाबांना ती ओळ फार आवडली. त्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि आईलाही ऐकवली. मला वाटलं त्यांनी वाचू नये.

कागद लाँड्रीकडून परत आला. पेन्सिलीने लिहिलं होतं, शेऱ्यात फक्त कामगाराबद्दल लिहावे. मी तोच मजकूर पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला. रघुराम गारू म्हणतात, "मॅडम, मला तुमचं म्हणणं समजतं, पण वर कुणाला समजवू?" आमच्या ऑफिसातून विचारणा झाली आहे की एवढ्या साध्या केसला इतका वेळ का. कागदावर माझ्या सहीशेजारी लाँड्रीची सही होईपर्यंत जुनीच अट चालू आहे. म्हणून रोलर अजून संथ आहे. म्हणून टोपीही अजून पिवळी आहे. शाहीनने एकदा मला हळूच सांगितलं की तिला आता बरी झोप लागते. अक्काने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

पण ती येते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चहाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलासमोर उभी राहते. भरलेला, वाफाळता ग्लास उजव्या हाताच्या तीन बोटांत धरते. माझ्याकडे बघत सावकाश, एकेक घोट घेत पूर्ण पिते. चटका बसतो ते तिच्या डोळ्यांत दिसतं, पण ग्लास मधे एकदाही खाली ठेवत नाही. मग रिकामा ग्लास माझ्या कागदांवर पालथा ठेवते आणि रोलरकडे जाते.

आजही आली होती. कागदावर ग्लासाचा गोल ओला ठसा उमटला आहे, नेमका माझ्या सहीवर.